पहिल्या घराची हरकत

९ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल अशी शंका होती, म्हणून पत्ता दंतवैद्य बाईंकडून लिहून घेतला. त्या कोण ते पुढे येईल. आता फोडलंच आहे तर वाचा.

फोनही केला होता. वाजत राहिला. पुन्हा पुन्हा केला नाही, कारण फोनवर बोलणं मला जमत नाही. समोरासमोर माणूस गप्प बसला तर निदान त्याचा चेहरा दिसतो. फोनवर गप्प बसलं की पलीकडचा हॅलो हॅलो करतो आणि लाइन गेली म्हणून ठेवून देतो.

तुमचे दादा गेले आणि थोड्याच दिवसांत तुम्ही बॅग उचलून लिफ्ट दुरुस्तीच्या तुमच्या कामाच्या गावी परत गेलात, त्याला आता दोन वर्षं होतील. का गेलात ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. इथे राहायचं नव्हतं, नाही राहिलात. पण घर निम्मं तुमचं आहे आणि घराबद्दलच लिहायचं आहे. खालचा तुमचा मजला होता तसाच कुलपात आहे. गल्लीच्या मंडळाची शिडी, झाडू आणि रंगाचे डबे तेवढे आत असतात, म्हणून किल्ली माझ्याकडे. वरचं माझं ठीक. जिना चढायला काही त्रास नाही.

बातमी अशी की नगरपालिकेनं शहराचा नवा आराखडा काढला आहे. आपली गल्ली आजवर निवासी होती, ती त्यात व्यापारी पट्ट्यात दाखवली आहे. म्हणजे खाली गोदामं, वर कचेऱ्या आणि झेपतील तितके मजले. गल्लीच्या टोकाच्या तिकोनी मोकळ्या जागेवर, आपल्या तिकोनावर, वाहनतळ. तुम्ही गेलात तेव्हा तिकोनावर विटांचे तुकडे आणि कोणाची तरी बिनचाकाची गाडी होती. आता तिथे दोन बाकं आहेत, सुतारांनी केलेला सी-सॉ आहे आणि कडेनं झाडं लावली आहेत. मंडळाचे लोक दर रविवारी झाडतात. निम्मे झाडतात आणि निम्मे कसं झाडावं ते सांगतात, पण येतात सगळे. उंच इमारती आल्या तर तुमच्या धंद्याला बरंच, म्हणा.

हरकती पाठवायला महिन्याभराची मुदत होती, म्हणून मंडळाची सभा घेतली. अध्यक्ष अजून मास्तरच. जन्मभर भूगोल शिकवला, पण आराखड्याचा नकाशा उलटा धरला आणि आपली गल्ली नदीत शोधत बसले. सापडल्यावर सगळं नीट वाचून दाखवलं आणि विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. कोणी नाही. मग मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, ठरलं तर. मी मंडळाची चिटणीस, मी इतिवृत्तात लिहिलं: सभेने आराखडा एकमताने फेटाळला.

तुम्ही याच गल्लीत वाढलात, तुम्हाला यात काही वेगळं वाटणार नाही. दंतवैद्य बाईंना मात्र हे समजावताना मला घाम फुटला. त्या गेल्या वर्षी तिकोनाला लागूनच्या घरात आल्या. त्यांना म्हटलं, अहो, इथे भिंतीला भिंत लागलेली घरं. आज एखाद्याला तोंडावर नाही म्हणायचं आणि उद्या सकाळी त्याच्यासमोर उभं राहून दात घासायचे, हे कोणाला जमणार? म्हणून आमच्याकडे हो असेल तर माणूस हो म्हणतो आणि नाही असेल तर गप्प बसतो. कोणी शिडी मागितली आणि 'घ्या की' असं उत्तर आलं, तर शिडी मिळाली. घरमालक आभाळाकडे बघत राहिला, तर मागणाराही आभाळाकडे बघतो, 'ढग आलेत' म्हणतो आणि परत जातो. कोणाला राग नाही, कोणाचा अपमान नाही.

बाई म्हणाल्या, "सिस्टर, अख्ख्या जगात मौनाला संमती म्हणतात."

मास्तर शेजारीच होते. म्हणाले, "ते पुस्तकात."

बाईंचा तरी काय दोष. आल्या तेव्हा त्या घरोघर विचारत फिरल्या होत्या की घरात दवाखाना काढून दारावर पाटी लावू का. सगळी गल्ली गप्प. दुसऱ्या दिवशी पाटी लागली. गल्ली महिनाभर हबकून होती, पण बोलणार कोण? मला वाटतं हा त्यांच्या धंद्याचा गुण. खुर्चीतला माणूस आ करून बसलेला असतो, तो उत्तर देणार कसा? गप्प आहे म्हणजे चालू द्या, अशी सवय हाताला लागली असेल.

असो. आराखडा फेटाळला आहे, काळजी नसावी. निम्मे मालक म्हणून कळवलं.

वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

मागच्या पत्रात काळजी नसावी असं लिहिलं होतं. ते खोडा.

नगरपालिकेचं पत्र आलं. विहित मुदतीत या गल्लीतून एकही हरकत प्राप्त न झाल्याने रहिवाशांची संमती गृहीत धरण्यात येत आहे. मास्तरांनी ते तिकोनावर वाचलं, मग घडी घातली, मग घडी उलगडून पुन्हा वाचलं. म्हणाले, "पण आपण तर एकमतानं फेटाळलं होतं."

दंतवैद्य बाईंनी विचारलं, "कोणाला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? कोणी बोललंच नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं होतं की सभा झाली, इतिवृत्त झालं, म्हणजे पुढचं कोणीतरी केलं असणार. आणि आम्हाला पुढचं काही असतं हेच माहीत नव्हतं. सगळ्या गल्लीनं महिनाभर मनापासून गप्प बसून विरोध केला आणि कचेरीनं तो होकार म्हणून लिहून घेतला.

सुतार तेवढे वेगळं बोलले. सभा उठल्यावर माझ्याबरोबर चालत आले आणि हळूच म्हणाले की सिस्टर, खोटं कशाला बोलू, मला पत्र ऐकून थोडं बरंही वाटलं. व्यापारी झालं तर माझ्या कारखान्याचं दुकान होईल, पुढे काच लावता येईल. मग म्हणाले, पण काचेतून दिसणार कोण? गोदामाचे हमालच ना. माझी गिऱ्हाइकं तर याच घरांत राहतात.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी कचेरीत गेलो. नकाशाच्या टेबलावरच्या माणसानं मला ओळखलं. मी दवाखान्यात नर्स होते तेव्हा त्याच्या आईला इंजेक्शनं द्यायला जायचे. त्यानं खुर्ची दिली, नकाशा पसरला आणि पेन्सिलीनं दाखवलं. व्यापारी पट्टा मोठ्या रस्त्यापासून सुरू होतो आणि सलग आत यावा लागतो, घराला घर लागून. मध्ये खंड चालत नाही. "आणि गल्लीच्या तोंडाचं पहिलं घर तुमचं, सिस्टर. ते निवासी राहिलं तर मागची घरं व्यापारी करताच येत नाहीत. नियमच आहे."

मी म्हटलं, मग माझं निवासी ठेवा.

तो म्हणाला की लेखी हरकतीची मुदत गेली. पण मार्चमध्ये सुनावणी आहे. ज्या घरापासून पट्टा गल्लीत शिरतो, त्या घराचे मालक समक्ष उभे राहून बोलले तर ऐकून घ्यावंच लागतं. मग त्यानं मालकांची नावं काढली आणि पेन्सिल दातात धरली. "दोन नावं आहेत."

"मी आणि माझे दीर."

"दोघंही यायला हवेत. एकानं हरकत घेतली आणि दुसरा आलाच नाही, तर त्याची संमती आहे असं आम्ही धरतो. आणि निम्म्या घराची हरकत धरता येत नाही."

तर असं आहे. गल्लीचं सगळं येऊन आपल्या घरावर थांबलं आहे आणि आपलं घर तुमच्यावर.

तुमच्यापासून काही लपवून तुम्हाला बोलावलं असं मला करायचं नाही, म्हणून हेही लिहिते. गेल्या आठवड्यात एक गोदामवाला आला होता. टेप घेऊन खालच्या ओसरीची मापं काढत होता. मी वरून विचारलं, काय हवंय. तर म्हणाला की व्यापारी होऊ द्या, मग मालकांशी बोलतो, भाव असा देईन की नाही म्हणता येणार नाही. मी मनात म्हटलं, नाही म्हणता येत नाही हे याला कोणी सांगितलं? तर सांगायचं ते हे की तुम्हाला खालचा मजला विकायचा असेल, तर गप्प बसणं तुमच्या फायद्याचं आहे. तुम्हाला इथे राहायचं नाहीच आहे. मी दोष देणार नाही.

येणार की नाही तेवढं कळवा.

वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. म्हणजे आपल्या पद्धतीनं पाहिलं तर आलं.

तरी लिहिते, कारण दंतवैद्य बाईंनी सोडलेलं नाही. त्या म्हणतात, टपाल उशिरा मिळालं असेल, माणूस कामात असेल, आजारी असेल, शंभर कारणं असतात. मी म्हटलं, बाई, तुमच्या गावात शंभर असतील, आमच्याकडे गप्प बसायचं एकच कारण असतं. त्यावर त्या गप्प बसल्या. शिकत आहेत.

सध्या रोज संध्याकाळी तिकोनावर तालीम असते. बाई बाकावर सुनावणी अधिकारी होऊन बसतात. एकेकानं समोर उभं राहायचं, त्यांनी विचारायचं, तुमची काही हरकत आहे का, आणि आपण मोठ्यानं म्हणायचं, 'हो, आमची हरकत आहे.' ऐकायला सोपं आहे. मास्तर पहिले उभे राहिले. पन्नास पोरांच्या वर्गाला एका आवाजात गप्प करणारा माणूस. म्हणाले, "तसं पाहिलं तर..." आणि थांबले. बाई म्हणाल्या, तसं न पाहता सांगा. मास्तर सी-सॉकडे बघत राहिले. सुतारांनी हरकत आहे म्हटलं, पण लगेच 'राग मानू नका' असं जोडलं. बाई म्हणाल्या, मी का राग मानू, मी तुमच्याच बाजूची आहे. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चहा टाकू का?"

हसू नका. तुम्हाला तरी जमेल का? लहानपणी तुमचा पतंग शेजारच्यांनी मागितला, तेव्हा तुम्ही आभाळाकडे बघत बसलात आणि पतंग नेमका आभाळातच होता, ही गोष्ट दादा नेहमी सांगायचे.

शिडी काढायला खाली गेले होते, तेव्हा खिडक्या उघडल्या. आठवड्यातून एकदा उघडतेच, लाकूड फुगतं म्हणून. तुमची हत्यारांची पिशवी खुंटीलाच आहे. पान्यांना तेल लावलं. गंजलेलं लोखंड घरात बरं नाही. एका भिंतीला ओल आली होती ती खरवडून रंगवून घेतली. रंग मंडळाचा उरलेला होता, त्यामुळे ती भिंत गतिरोधकासारखी पिवळी झाली आहे. तुम्ही बघणार नाही म्हणून सांगायला हरकत नाही. पाहा, लिहिताना कसा सहज येतो हा शब्द.

सुतारांनी जिन्याला नवा कठडा बसवून दिला. जुना काही वाईट नव्हता, पण ते ऐकेनात.

वहिनी


४ मार्च

भाऊजी,

सुनावणी आठ तारखेला, सकाळी, नगरपालिकेच्या मोठ्या दालनात. बसथांब्यावरून सरळ चालत आलं की डावीकडे. काही आणायचं नाही, नुसतं यायचं आणि बोलायचं.

आग्रह नाही. तुम्ही आला नाहीत तर मी माझ्या निम्म्या घराची हरकत घेईन आणि बघेन काय म्हणतात. निम्मं घर निवासी आणि निम्मं व्यापारी झालं तर हद्द बहुतेक जिन्याच्या मधल्या पायरीवर येईल. मग मी त्या पायरीवर बसून हमालांची नाडी तपासत जाईन.

परवा मास्तर आले होते. बोलायचं वेगळंच होतं, बोलले मात्र हवापाण्यावर. जाताना दारातल्या पाटीवरून हात फिरवला. गल्लीतल्या सगळ्या घरांचे नंबर दादांनी रंगवलेले. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं, पण म्हणायचे की दुकानाची पाटी गिऱ्हाइकासाठी आणि घराचा नंबर घरी परत येणाऱ्यासाठी. आपल्या दारावरचा एकचा आकडा त्यांनी गल्लीत सगळ्यात मोठा काढला होता. मी चेष्टा करायचे की एवढा मोठा कशाला, आंधळ्यालाही दिसेल. तर म्हणायचे, आमचा धाकटा उंच इमारतींतून वर-खाली करत असतो, त्याला वरून दिसायला हवा.

हे मी तुम्हाला यायला भरीस पाडावं म्हणून लिहिलेलं नाही. मास्तरांनी हात फिरवला म्हणून आठवलं.

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

काल तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात, म्हणून तुम्हाला सगळ्यांच्या पाठी दिसल्या. तोंडं कशी झाली होती ते मी सांगते. आणि दुपारी तुम्ही निघून गेलात, त्यानंतरचंही सांगायचं आहे. सगळ्यात शेवटी जे आहे त्यासाठी हे पत्र आहे, पण क्रमानं गेले नाही तर मला तिथवर पोचता येणार नाही.

तुम्ही आत आलात ते मला कळलं नाही. आमची गल्ली पुढच्या दोन रांगांत बसली होती, धुतलेले कपडे घालून, दातांच्या तपासणीला आल्यासारखी. सुनावणी अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती, माणूस सभ्य होता. त्यांनी गल्लीचं नाव पुकारलं आणि विचारलं, आपल्यापैकी कोणाला या प्रस्तावाबद्दल काही सांगायचं आहे का. मास्तर ठरल्याप्रमाणे उभे राहिले. अधिकारी म्हणाले, बोला. मास्तरांच्या ओठांची हालचाल झाली, मग तीही थांबली. त्यांनी पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मी सुतारांकडे पाहिलं, सुतार छताकडे बघत होते. दंतवैद्य बाई माझ्या मागे होत्या. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मी उभी राहिले. भाऊजी, माझ्या तोंडात चहाच आला होता. खरंच सांगते. ओठ घट्ट मिटून तो बाहेर येऊ दिला नाही, एवढंच मला जमलं.

अधिकारी वाट बघत होते. बिचाऱ्यांनी पुन्हा विचारलं, तर मग हरकत नाही असं लिहू का?

तेव्हा मागून तुम्ही म्हणालात, "आहे. हरकत आहे."

ते तुमच्या लिफ्टच्या खोल भुयारातून ओरडल्यासारखं आलं. सगळी गल्ली एकदम वळली. मास्तरांचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं. त्यांच्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ मुलगा एकदम नकाशात बरोबर जागा दाखवतो तेव्हा होतं तसं. तुम्ही त्यांच्याच वर्गात होतात म्हणून म्हणते. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कोण, आणि तुम्ही म्हणालात, "पहिल्या घराचा मालक. खालचा." मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, आणि वरच्या? आणि माझ्या तोंडून निघालं, "माझीही." आवाज माझाच होता, पण ओळख नसल्यासारखा.

एकदा बांध फुटल्यावर काय! मास्तरांनी हरकत घेतली आणि तिकोनावरच्या एकेका झाडाची जात सांगितली. अधिकारी दोनदा पाणी प्यायले, तरी मास्तर झाडांवरच. सुतार म्हणाले, माझी निम्मी हरकत आहे. अधिकारी म्हणाले, निम्मी लिहिता येत नाही. तर सुतार म्हणाले, "मग पूर्ण लिहा, मला याच गल्लीत राहायचंय."

तुम्ही सही केलीत तोवर मधली सुट्टी झाली. आता जे पुढे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कसं झालं ते माहीत नाही.

पाण्याच्या टाकीपाशी मी तुम्हाला गाठलं. जेवून जा म्हटलं. तुम्ही म्हणालात, बसची वेळ झाली. मग जे दोन वर्षं विचारलं नाही ते मी विचारलं. कदाचित त्या 'माझीही'मुळे जीभ सैल झाली असेल. मी म्हटलं, इथे राहायचं नव्हतं तुम्हाला, मग या घरासाठी एवढ्या लांबून का आलात?

तुम्ही पेला खाली ठेवलात. म्हणालात, "राहायचं नव्हतं? वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला. दादा गेल्यावर, जिन्यात. तिकडचं काम सोडून खाली राहायला येऊ का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"गप्प राहिलात ना."

आणि मी तिथे, टाकीपाशी, पुन्हा गप्प. तुम्ही थोडा वेळ थांबलात. मग मान हलवलीत, "असू दे, वहिनी" म्हणालात आणि बसथांब्याकडे चालू लागलात. मी तुमची पाठ बघत उभी राहिले. माझ्या मागे दंतवैद्य बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणाले ते? मी तुमचा पेला उचलून विसळला.

भाऊजी, तुम्ही जिन्यात विचारलंत ते मला आठवत नाही. मी ऐकलं असेन, नसेनही. त्या दिवसांत मला कोणी पाणी हवं का विचारलं तरी मी गप्पच होते. हवं असलं तरी. तो नकार नव्हता. नकार द्यायला आधी माणूस जागेवर लागतो, मी जागेवर नव्हते. आणि तुम्ही या गल्लीतले, म्हणून तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मीही याच गल्लीची झालेली, म्हणून तुम्ही न बोलता गेलात तेव्हा मला वाटलं, यांना इथे राहायचं नाही. दोघांनीही एकमेकांना बरोबर गल्लीच्या पद्धतीनं समजून घेतलं आणि दोघंही चुकलो.

दुपारनंतरचं सांगते. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी निर्णय वाचून दाखवला. पहिल्या घराच्या दोन्ही मालकांची हरकत असल्यामुळे व्यापारी पट्टा मोठ्या रस्त्यावरच थांबेल, गल्ली निवासी राहील. घरातल्या लहान दवाखान्याला मुभा आहे, तेव्हा बाईंची पाटीही राहिली. तिकोन मात्र पुरता वाचला नाही. जमीन नगरपालिकेचीच, निम्म्यावर गाड्या उभ्या राहणार. सी-सॉ दुसऱ्या निम्म्यात हलवायचा आहे. परत येताना कोणी फार बोललं नाही, पण या वेळी ते नुसतं दमल्यामुळे होतं. मास्तर एका एका झाडाजवळ थांबत गेले. कोणती हलवायची ते ठरवत असावेत.

घरी आल्यावर मी वर गेले नाही. खाली गेले, खिडक्या उघडल्या आणि त्या पिवळ्या भिंतीसमोर उभं राहून एक शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. पहिल्यांदा नुसतीच पुटपुटले. मग आला. रिकाम्या खोलीत घुमतो चांगला. तेवढ्यात सुतार शिडी मागायला दारात आले होते, त्यांना वाटलं त्यांनाच म्हटलं. शिडी घेऊन गेले.

तर तुम्ही जिन्यात विचारलं होतंत, त्याचं उत्तर: हो. राहायला या.

माझ्या गुडघ्याचं कोणी तुमच्या कानावर घातलं असेल तर त्यासाठी येऊ नका. जिना चढायला त्रास आहे, मागे 'त्रास नाही' असं लिहिलं ते खोटं होतं, पण कठडा आहे आणि माझं चालतं. गल्लीसाठी येऊ नका, तिचं तुम्ही काल केलंत. तुम्हाला यायचं होतं, म्हणून या. आता नको वाटत असेल, तिकडे तुमचं बस्तान बसलं असेल, तर तसं लिहा. तेही चालेल. आता आमच्याकडे नाही म्हटलेलं चालतं, काल सगळ्यांनी म्हणून पाहिलं, कोणाचं काही वाकडं झालं नाही.

पण लिहा. दोन अक्षरं लिहा. गप्प बसलात तर कचेरीच्या हिशेबानं ते हो होईल आणि गल्लीच्या हिशेबानं नाही, आणि मी त्या खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या ते मला कळणार नाही. आज उघड्याच ठेवल्या आहेत.

वहिनी